पाय ठेवायचा की कापायचा?

प्रश्न: डॉक्टर, माझा लहान भाऊ 31 वर्षांचा आहे, मागच्या जूनमध्ये बाईकला टेम्पोने उडवलं आणि डाव्या पायाची नळी तुटून हाड बाहेर आलं. आत रॉड टाकला, मग पू सुरू झाला, दोनदा साफ केलं, 7 महिने झाले तरी नडगीवरची जखम उघडीच आणि आत हाड दिसतं. एक डॉक्टर म्हणतात 5 सेंटीमीटर हाड काढून बाहेरून रिंगा लावू, दुसरे म्हणतात गुडघ्याखाली कापा, दोन महिन्यांत कामाला लागेल. आई म्हणते काही झालं तरी पाय जाऊ द्यायचा नाही. घरात रोज भांडण. – एक ताई, बार्शी

उत्तर: ताई, पाय न बघता ठेवा की कापा हे मी नाही सांगणार, पण भांडायचंच असेल तर कशावर भांडायचं ते सांगतो.

5 सेंटीमीटर हाड काढणार म्हटल्यावर तुम्हाला धक्का बसला असणार, पण ते हाड आज जिवंतच नाहीये. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणजे अँटिबायोटिकही जात नाही, मग कितीही महागडी इंजेक्शनं द्या, पू थांबतो आणि परत येतो. रॉडवरही जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, म्हणून तोही काढावा लागतो. ऑपरेशनमध्ये आम्ही हाड छिन्नीने तासत जातो आणि जिथे रक्ताचे बारीक बारीक ठिपके फुटतात तिथेच थांबतो, त्याच्या अलीकडे थांबलं की सहा महिन्यांनी पेशंट परत दारात. आत्तापर्यंत दोनदा 'साफ' केलं म्हणजे नुसतं धुतलं की मेलेलं हाड काढलं, हे जुन्या कागदांत बघा. आणि कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघायच्या तपासणीला, वरचा पू नाही, आतल्या हाडाचे तुकडे जायला हवेत.

मग कातडीचा प्रश्न. नडगीवर पुढून कातडी आणि लगेच हाड, मध्ये मांस नाहीच, त्यामुळे तिथली जखम आपोआप भरायची वाट बघू नका. वरच्या आणि मधल्या भागात पोटरीचा स्नायू फिरवून झाकता येतं, घोट्याकडे असेल तर बऱ्याचदा मांडीचं किंवा पाठीचं मांस आणून मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडतात. प्लास्टिक सर्जन म्हटलं की लोकांना नाक आणि ओठ आठवतात, पण तुमच्या भावाचा पाय वाचला तर त्यात निम्मा वाटा त्याचा असेल. टीममध्ये तो आहे का, हे आधी विचारा.

रिंगांची पद्धत, म्हणजे पायाभोवती धातूच्या रिंगा आणि त्यांना ताणून बांधलेल्या, हाडातून आरपार जाणाऱ्या तारा, ही सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्हांची. 1964 चा ऑलिम्पिक उंच उडीचा विजेता ब्रुमेल 1965 मध्ये मोटरसायकलवरून पडला, पायाची वाट लागली, ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली आणि शेवटी 1968 मध्ये तो त्यांच्याकडेच गेला. यात गुडघ्याखाली चांगल्या जागी हाड मुद्दाम कापतात, आठवडाभर थांबतात आणि तो तुकडा रोज 1 मिलिमीटर खाली सरकवतात, मागे राहिलेल्या जागेत नवीन हाड तयार होतं. रोज 1 म्हणजे पाव पाव मिलिमीटर चार वेळा, 10 नंबरचा पाना घेऊन, आणि हे काम घरच्यांनाच करायचं असतं. माझ्या एका पेशंटच्या बायकोने कॅलेंडरवर रोज चार टिंबं काढली होती, एक चुकलं की तिला झोप यायची नाही. 5 सेंटीमीटरला 50 दिवस सरकवणं, मग ते हाड कडक व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट, शिवाय दोन टोकं भेटतात तिथे कधी कधी कमरेचं हाड घालावं लागतं. 8-10 महिने धरूनच चाला. पायजमा एका बाजूने उसवून नाड्या लावून घ्या.

आता कापण्याबद्दल. अमेरिकेत अशा जबर जखमी पायांचा मोठा अभ्यास झाला, 2002 मध्ये छापून आला, 2 वर्षांनी बघितलं तर पाय वाचवलेले आणि कापलेले दोघांची हिंडण्या-फिरण्याची परिस्थिती जवळपास सारखीच निघाली, वाचवलेल्यांना मात्र परत परत ॲडमिट व्हावं लागलं. त्यामुळे कापा म्हणणारा डॉक्टर कसाई नाही, पण 'दोन महिन्यांत कामाला' हेही जरा जास्तच झालं, आणि नकली पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो तो खर्च कोणी सांगत नाही. भावाच्या तळपायाला रक्तपुरवठा चांगला आहे का, घोटा हलतो का, आणि वर्षभर कमाई नसली तर घर कोण चालवणार, भांडायचं ते यावर. आणि आईला नाही, भावाला विचारा. पाय त्याचा आहे.

तो विडी-सिगारेट ओढत असेल तर आजपासून बंद, नवीन हाड धरत नाही, यात मी कुणाचं ऐकत नाही. पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न: रिंग लावून 3 आठवडे झाले, तारेजवळ चिकट पाणी येतं. पाय टेकवू का? – एक काका, चिपळूण

उत्तर: काका, थोडं पाणी बहुतेकांना येतं, तारेभोवती स्वच्छ ठेवा. लाली, ठणका, पू किंवा ताप आला तर लगेच दाखवा, वाट बघू नका. तुमच्या सर्जनने मनाई केली नसेल तर वॉकर घेऊन टेकवा, वजन पडलं की हाड लवकर धरतं. घोट्याला पट्टा बांधून पाऊल वर ओढून ठेवा मात्र, नाहीतर हाड जुळतं आणि टाच टेकत नाही.