‘उत्परिवर्तक’ जिवाणू औषधाला ‘सरावतात’ का?

प्रश्न असा आहे : ‘उत्परिवर्तक जिवाणू औषधांना लवकर सरावतात’ या वाक्यात ‘उत्परिवर्तक’ हा म्युटेटर (ज्याच्या जनुकांत बदल, म्हणजे उत्परिवर्तने, नेहमीपेक्षा जास्त वेगाने घडतात तो जिवाणू) या संज्ञेचा योग्य प्रतिशब्द आहे का, आणि ‘सरावतात’ हे क्रियापद चालेल का?

दोन्ही बदलावेत. क्रियापद आधी घेऊ, कारण मोठी चूक तिथे आहे.

हात कामाला सरावतो, डोळे अंधाराला सरावतात. हात तोच राहतो, डोळेही तेच. फक्त सवय होते. जिवाणूंचे तसे नाही. औषध आले की बहुतेक मरतात आणि उरतो तो, ज्याच्या जनुकात सोयीचा बदल आधीच झालेला होता. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ साली हे दाखवले. ई. कोलाय जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवून त्यांनी ते जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंबरोबर ताटलीवर पसरले. विषाणूशी गाठ पडल्यावर बदल घडत असता, तर प्रत्येक नळीतून साधारण सारख्याच संख्येने जिवाणू वाचले असते. त्यांच्या एका प्रयोगात २० पैकी ११ नळ्यांतून एकही वाचला नाही आणि एका नळीतून मात्र १०७ निघाले. त्या नळीत बदल लवकर घडला होता, त्यामुळे त्याची वंशावळ वाढायला वेळ मिळाला.

म्हणून ‘सरावणे’ नको. ‘प्रतिकारशक्ती’ही टाळावी, कारण ती रोग्याची की जिवाणूची, असा घोळ होतो. आपल्याकडे ‘औषधाला दाद न देणे’ हा नेहमीच्या बोलण्यातला प्रयोग आहे, तो इथे चपखल बसतो. त्यात जिवाणू काही शिकला, असे कुठेही सूचित होत नाही.

आता ‘उत्परिवर्तक’. ‘-क’ प्रत्यय करणाऱ्याला लागतो : नाशक, कारक, शोधक. त्यामुळे हा शब्द जनुकांत बदल घडवणाऱ्या बाहेरच्या गोष्टींना, म्हणजे अतिनील किरणांना किंवा काही रसायनांना शोभतो. ज्याच्यात बदल झाला आहे तो ‘उत्परिवर्ती’. म्युटेटर या दोन्हींहून वेगळा. त्याच्यात बदल घडण्याचा वेगच जास्त असतो आणि तो वेग पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. ‘चुकार’ हा सुटसुटीत शब्द मोह घालतो, पण मराठीत चुकार म्हणजे काम टाळणारा. भूकंपप्रवण, अवर्षणप्रवण हे शब्द सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्याच धर्तीवर ‘उत्परिवर्तनप्रवण वाण’ म्हणावे. लांब आहे, पण वाचणाऱ्याला अडत नाही.

ही प्रवणता येते कुठून, ते छापखान्याच्या भाषेत नीट सांगता येते. डीएनएची नक्कल करताना विकराकडून (एन्झाइमकडून) साधारण लाख अक्षरांत एक चूक होते. तो स्वतःच मुद्रितशोधन करतो आणि बहुतेक चुका तिथेच निघतात. त्यातूनही सुटलेल्या चुकांसाठी दुसरी यंत्रणा असते, तिला ‘विजोड-दुरुस्ती’ म्हणता येईल. म्युट-एस हे प्रथिन न जुळणारी जोडी हेरते, म्युट-एल निरोप पोचवते आणि म्युट-एच नव्या धाग्याला छेद देते. नवा धागा ओळखण्याची खूण म्हणजे त्यावर मिथाइल गट अजून चढलेले नसतात. एवढ्या तपासणीनंतर ई. कोलायच्या सुमारे ४६ लाख अक्षरांत हजार विभाजनांमागे जेमतेम एक चूक उरते. या तिघांपैकी एकाचे जनुक बिघडले, की हा दर शंभरपट किंवा त्याहूनही वाढतो.

ज्या चुकांचा परिणाम होतो, त्या तर बहुतेक घातकच असतात. मग असे वाण टिकते कसे? याला मराठीत तयार म्हण आहे : गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. बिघडलेले दुरुस्ती-जनुक स्वतः काही फायदा देत नाही. पण त्याच्यामुळे शंभरपट बदल होतात, त्यांतला एखादा फायद्याचा निघतो आणि तो जिवाणू बाकीच्यांना मागे टाकतो. विभाजनात जनुकांची फाटाफूट होत नाही, म्हणून बिघडलेले जनुकही त्याच्याबरोबर सगळीकडे पोचते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ साली ई. कोलायच्या १२ वसाहती सुरू केल्या. रोज शंभरावा हिस्सा ताज्या द्रवात टाकायचा, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास पिढ्या. १०,००० पिढ्यांपर्यंत ३ वसाहती उत्परिवर्तनप्रवण झाल्या होत्या, ५०,००० पर्यंत ६. पुढे परिस्थितीशी जुळले, की नव्या चुकांचा तोटाच जास्त होऊ लागतो. त्यांतल्या एका वसाहतीत दर पुन्हा खाली आणणारे बदलही टिकून राहिले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसांत वर्षानुवर्षे प्रतिजैविकांचा मारा चालू असतो. तिथल्या स्यूडोमोनास जिवाणूंच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३० पैकी ११ रुग्णांत असे वाण सापडले.

आणखी एक जोडी मराठीत सर्रास एकमेकींच्या जागी वापरली जाते : ‘उत्परिवर्तनाचा दर’ आणि ‘उत्परिवर्तींचे प्रमाण’. रात्रभर वाढवलेल्या द्रवाच्या ०.१ मिलिलिटरमध्ये सुमारे १० कोटी जिवाणू असतात. ते रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक घातलेल्या ताटलीवर पसरले, तर साध्या वाणाचे दोन-चार ठिपके उगवतात आणि उत्परिवर्तनप्रवण वाणाचे शेकडो. प्रत्येक ठिपका म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या एका जिवाणूची वंशावळ, म्हणून ठिपके मोजले की कळते ते प्रमाण. दर म्हणजे प्रत्येक विभाजनामागे बदल घडण्याची शक्यता. एकाच नळीवरून दर काढला तर फसगत होते, कारण ती नेमकी १०७ वाली नळी असू शकते. म्हणून थोड्या, हजारेक जिवाणूंपासून सुरू केलेल्या वीसेक वेगळ्या नळ्या घ्याव्या लागतात. दर काढताना साध्या सरासरीवर भिस्त ठेवता येत नाही, त्यापेक्षा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) बरा. एक भरलेली नळी सरासरीला भलतीकडे ओढून नेते. लेखात ‘दर’ लिहिण्याआधी मूळ प्रयोगात ठिपके मोजले आहेत की विभाजनामागची शक्यता काढली आहे, हे पाहून घ्यावे.