तत्त्वज्ञानाच्या शोधनिबंधासाठी एआय कितपत वापरावे?

मॅडम, आपण तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवता, चक्रधरस्वामींचे महानुभाव मत आणि जीव व ब्रह्म एकच मानणारे शांकर अद्वैत यांतील जीवविचाराच्या तुलनेवर शोधनिबंध लिहिता, ग्रंथालयात या विषयावरची पुस्तके जवळजवळ नाहीत आणि निबंध मात्र इंग्रजीत द्यायचा आहे, असे आपण लिहिले आहे. अशा स्थितीत चॅटजीपीटीसारख्या साधनाची मदत घ्यावी का, घ्यावी तर कुठवर, आणि ती घेणे लबाडी ठरेल का, हा आपला प्रश्न. यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण महाविद्यालयात मी बरीच वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आहे आणि अलीकडे संशोधक विद्यार्थ्यांचे मसुदे वाचताना या साधनांशी माझा नेहमी संबंध येतो. माझे मत आधीच सांगतो. या यंत्राचा शब्द संदर्भ म्हणून घेऊ नये, त्याला प्रतिवादी म्हणून मात्र जरूर समोर बसवावे, आणि युक्तिवादाची वाक्ये स्वतःच लिहावीत.

संदर्भ म्हणून का घेऊ नये, याचे कारण आपल्याच विषयात सापडते. न्यायदर्शनाचा, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचा, मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाचे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणाऱ्या ज्ञानाचे, लक्षण 'आप्तोपदेशः शब्दः' (आप्ताचा उपदेश तो शब्द) असे दिले आहे. आप्त कोण, हे वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात स्पष्ट केले आहे: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती इतरांना सांगावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो पुढे म्हणतो. म्हणजे प्रश्न कुळाचा किंवा पदवीचा नाही. जाणण्याचा आणि प्रामाणिकपणे सांगण्याचा आहे. चॅटजीपीटीसारखे भाषेचे प्रारूप प्रचंड मजकुरावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे हे शिकलेले असते. त्याने सूत्रपाठ, म्हणजे चक्रधरस्वामींच्या वचनांचा संग्रह, जाणलेला नाही आणि खरे तेच सांगावे अशी इच्छा त्याच्या ठायी आहे असे मानायलाही आधार नाही. त्याचे उत्तर पुष्कळदा बरोबर निघते, पण ते बरोबर आहे हे आपल्याला दुसरीकडूनच कळते, आणि ज्या 'दुसरीकडून' ते कळते तोच आपला खरा संदर्भ असतो.

खोट्या संदर्भांविषयी आपण ऐकलेच असेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. तत्त्वज्ञानात हा धोका अधिक फसवा असतो, कारण लेखकाचे नाव खरे असते, 'फिलॉसॉफी ईस्ट अँड वेस्ट' हे नियतकालिकही खरे असते, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. म्हणून यंत्राने सांगितलेला प्रत्येक लेख आधी नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत शोधावा, डीओआय क्रमांक (लेखाची इंटरनेटवरील कायमची ओळख) दिला असेल तर तो उघडून पाहावा, आणि ज्या पानाचा हवाला द्यायचा ते पान डोळ्यांखालून गेल्याशिवाय निबंधात लिहू नये. एवढे करण्यास वेळ नसेल तर तो संदर्भ सरळ गाळावा. गाळलेल्या संदर्भाने निबंध दुबळा होईल, पण खोट्या संदर्भाने आपले नाव खराब होईल.

शोधाचे काम यंत्राला न सांगता थेट करणे आपल्याला वाटते तितके अवघड नाही. 'फिलपेपर्स' ही तत्त्वज्ञानाची सूची आणि 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी' हा कोश, दोन्ही मोबाइलवर फुकट वाचता येतात, आणि कोशातील प्रत्येक नोंदीच्या शेवटी जाणकाराने निवडलेली ग्रंथसूची असते. भारतातील प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर आहेत. आपल्या विषयावर नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत कोणी काम केले आहे का, हे तेथे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. आपल्या महाविद्यालयाने ई-साहित्य पुरवणाऱ्या एन-लिस्ट योजनेचे सदस्यत्व घेतले असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी सदस्यत्व असते आणि प्राध्यापकांना ते ठाऊक नसते. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश जिल्ह्याच्या एखाद्या जुन्या महाविद्यालयात मिळेल. आणि आपला विषय महानुभावांचा असताना रिद्धपूरला न जाता निबंध लिहिणे मला तरी पटणार नाही. पोथ्या आणि परंपरेने अभ्यास केलेली माणसे अमरावती जिल्ह्यातच आहेत. तेथील महंतांशी अर्धा दिवस बोलून जे हाती लागेल ते कोणत्याही साधनात साठवलेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझ्या मते खोट्या संदर्भांपेक्षा मोठा धोका दुसराच आहे आणि आपल्या विषयात तो ठळकपणे दिसतो. महानुभाव मतात जीव कसा मुक्त होतो, असे यंत्राला विचारून पाहा. भक्तीने अज्ञान नाहीसे होते आणि आत्मा परमात्म्यात विलीन होतो, अशा थाटाचे गुळगुळीत उत्तर येण्याचा संभव मोठा आहे. वाचायला ते सुरेख वाटते आणि ते सपशेल चूक असते. महानुभाव मत जीव, देवता, प्रपंच (म्हणजे जग) आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र आणि नित्य पदार्थ मानते. जीव परमेश्वरात विरघळत नाही. भेद कायम राहतो. देवता ही परमेश्वराची रूपे नव्हेत, तो वेगळा पदार्थ आहे, आणि देवतांच्या उपासनेने मोक्ष मिळत नाही. मोक्ष देणारा एकटा परमेश्वर. यंत्र मात्र देवता आणि परमेश्वर यांची सांगड घालते, चक्रधरस्वामींना वारकरी संतांच्या रांगेत बसवते आणि सगळ्यावर अद्वैताची छटा चढवते. कारण उघड आहे. शंकराचार्यांवर इंग्रजीत शतकाहून अधिक काळ लिहिले गेले, महानुभावांवर त्या मानाने फार थोडे, आणि जे आहे त्यातील बरेचसे मराठीत किंवा पोथ्यांत आहे. जो विचार बहुसंख्य मजकुरात आहे त्याच्याकडे यंत्र ओढले जाते.

इतर एखाद्या विषयात ही ओढ खपूनही जाईल. आपला निबंधच मुळी दोन जीवविचारांतील भेदावर आहे, आणि हे साधन नेमका तो भेद पुसून टाकते. त्याने दिलेल्या सारांशावर आपण निबंध उभारला तर पहिल्या पानावरच विषय संपेल आणि ते आपल्या लक्षातही येणार नाही, कारण वाक्ये व्यवस्थित असतील.

जुन्या मराठीचेही असेच आहे. लीळाचरित्राच्या छापील पानाचा फोटो देऊन मजकूर उतरवायला सांगितला की 'जीवु', 'देवो' यांसारखी रूपे पुष्कळदा गुपचूप आजच्या मराठीत येतात. एखादा न लागलेला शब्द रिकामा सोडण्याऐवजी त्याच्या जागी शोभेल असा शब्द बसवला जातो. उद्धृत करायचा मजकूर स्वतःच्या हाताने उतरवावा. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो हे मान्य, पण सूत्र सावकाश उतरवताना जे लक्षात येते ते एरवी येत नाही. इंग्रजी लेखांच्या बाबतीत मात्र या साधनांचा उपयोग निःसंकोच करावा. लेखाची पीडीएफ देऊन, अमुक लेखकाचा आक्षेप कोणत्या पानावर आहे, हा परिच्छेद सोप्या मराठीत समजावून सांगा, असे विचारावे आणि मग ते पान स्वतः वाचावे. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि ज्यांना शंका विचारायला जवळ कोणी नाही, त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोठी आहे. शहरातील विद्यापीठात बसून तिला नाके मुरडणाऱ्यांना तिचे मोल कळणार नाही.

प्रतिवादी म्हणून बसवावे, असे मी वर म्हटले, त्याचा खुलासा करतो. न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांतील चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणारी वितंडा. या यंत्राला स्वतःचा पक्ष नाही, म्हणून वाद करायला ते अपात्र आहे. वितंडेसाठी मात्र ते उत्तम आहे. समजा आपला सिद्धान्त असा आहे की महानुभाव मतात जीवाचे बंधन अनादी असले तरी आचरणाची जबाबदारी जीवावर टाकता येते. तो चार-पाच वाक्यांत लिहावा आणि यंत्राला स्पष्ट सांगावे: 'माझी स्तुती करू नये, माझी बाजू घेऊ नये; या मतावरचा सर्वांत बळकट आक्षेप मांडा आणि तो माझ्या कोणत्या वाक्यावर आहे ते दाखवा.' मग कदाचित असा आक्षेप येईल: अविद्या (अज्ञान) जीवाला अनादिकाळापासून चिकटलेली असेल आणि तिची निवृत्ती परमेश्वराच्याच हाती असेल, तर आचारधर्म पाळण्यात जीवाचे कर्तृत्व कुठे उरते? हा आक्षेप दमदार आहे. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला सूत्रपाठातील आचारप्रकरणाकडे परत जावे लागेल आणि निबंधाचा गाभा तेथेच तयार होईल.

यात एक खोड सांभाळावी लागते. ही साधने स्वभावाने होयबा आहेत. आपण जरा ठामपणे 'हा आक्षेप चुकीचा आहे' असे लिहिले की 'आपले म्हणणे अगदी योग्य आहे' असे म्हणून ती माघार घेतात. त्या माघारीला काडीचेही महत्त्व देऊ नये. उलट नव्या संवादात तेच मत दुसऱ्या कोणाचे म्हणून द्यावे आणि त्यातील उणिवा विचाराव्यात. मग हात आखडता राहत नाही. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, जितकी बळकट तितका सिद्धान्त भक्कम, ही आपल्या भाष्यकारांची शिस्त होती, आणि गावात वाद घालायला तत्त्वज्ञानाचा दुसरा माणूस नसताना ती पाळण्याची ही बरी सोय आहे.

इंग्रजीविषयी थोडक्यात. पहिला खर्डा मराठीत लिहावा, दुसरा स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि त्यानंतरच व्याकरण दुरुस्तीसाठी एकेक परिच्छेद यंत्राला द्यावा. दुरुस्त होऊन आलेला परिच्छेद मूळ परिच्छेदाशेजारी ठेवून वाचावा, कारण 'निदान या अर्थाने', 'असे म्हणता येईल' यांसारखी आपण जपून घातलेली बंधने त्यात गळून पडतात आणि आपण कधी न केलेला दावा आपल्या नावावर चढतो. 'मुद्दे देतो, निबंध लिहून दे' हा मार्ग मात्र घेऊ नये. तत्त्वज्ञानात विचार आधी होतो आणि लेखन नंतर, असे क्वचितच घडते. 'म्हणून' हा शब्द कोठे घालता येतो आणि कोठे घालता येत नाही, हे वाक्य लिहितानाच कळते.

लबाडीच्या प्रश्नाचे उत्तर नियमांतही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत इतर लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई आहे. पण हा आकडा शब्दसाम्याचा आहे; यंत्राने लिहिलेला मजकूर त्यात सहज निसटतो, आणि निसटला म्हणून तो आपला होत नाही. प्रकाशननीतीसाठी काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने २०२३ मध्येच भूमिका घेतली की एआय साधन लेखक होऊ शकत नाही आणि त्याचा वापर लेखकाने उघड करावा. मोठ्या प्रकाशकांचे धोरणही साधारण याच दिशेचे आहे. ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवणार त्याचे धोरण आधी वाचून घ्यावे. आठ दिवसांत पैसे घेऊन छापून देणाऱ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.साठी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढे विचारून घ्यावे.

एआयचा मजकूर ओळखणाऱ्या साधनांवर फार विश्वास ठेवू नये, पण त्यांच्यापासून सावध राहावे. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधने यंत्राचे ठरवतात, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्याच वर्षी आढळले. आपल्याकडील सरळ, पाठ्यपुस्तकी इंग्रजीवर हा आळ सहज येऊ शकतो. म्हणून मराठी खर्डा, हाताने काढलेली टिपणे आणि तारखांसह सगळे मसुदे जपून ठेवावेत. कोणी विचारले तर तेच दाखवता येतील.

मार्गदर्शकांना सांगावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. सांगावे, आणि निबंध देण्याआधी सांगावे. निबंधाच्या शेवटी 'या लेखातील इंग्रजीची व्याकरणदुरुस्ती आणि संभाव्य आक्षेपांचा शोध यांसाठी अमुक साधन वापरले. मूळ ग्रंथांचे वाचन, उद्धरणे आणि युक्तिवाद लेखिकेचे आहेत' अशी दोन ओळींची नोंद पुरेशी होते. मार्गदर्शकांनी हरकत घेतली तर त्यांना प्रतिवादाचा एखादा संवाद छापून वाचायला द्यावा. आक्षेपांपैकी काही तेही घेतील असे मला वाटते. आचारप्रकरणाच्या आधारे लिहिलेला भाग तयार झाला की येथे टाका, मी वाचून कळवीन.