शुगर आणि डोळ्यातलं भिंग
प्रश्न : आई ६२ वर्षांची, शुगर आहे, आता मोतीबिंदू सुरू झालाय म्हणे. शुगरचा डोळ्याशी काय संबंध? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आहे ना, चांगलाच आहे! मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं पारदर्शक भिंग गढूळ होणं. हे भिंग जन्मभर वाढत असतं, कडेच्या पेशी लांब होऊन तंतू बनतात, पारदर्शक राहायचं म्हणून स्वतःचं केंद्रक पण टाकून देतात आणि जुन्या पेशी कुठे जात नाहीत, मध्येच दाबल्या जातात, म्हणजे आईच्या भिंगाच्या गाभ्यात तिच्या जन्माआधीच्या पेशी आहेत अजून, गंमतच की नाही. तिथे नवीन प्रोटीन बनत नाही, बिघडलेल्यांना अल्फा क्रिस्टॅलिन नावाचं भिंगातलंच एक प्रोटीन सांभाळून घेतं, पण तो साठा वयाप्रमाणे संपत जातो. त्यात शुगर वाढली की ग्लुकोजचं सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक पदार्थ) होतं, ते पेशीत अडकून पाणी ओढतं, पेशी फुगतात, भिंग लवकर गढूळ होतं आणि नंबरही हलतो. त्यामुळे शुगर आटोक्यात आल्यावरच चष्म्याचा नंबर काढा, नाहीतर पैसे पाण्यात.