समुद्रातला साप खाऱ्या पाण्यात जगतो कसा? तो विषारी असतो का?

तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर चपट्या शेपटीचा एक साप पडलेला दिसला, धड हलतही नव्हता. विषाचं आधी सांगतो: समुद्रसाप जहाल विषारी असतात, तेव्हा निपचित पडलेला दिसला तरी हात लावू नका. चावलेलं पुष्कळदा दुखतही नाही. काही तासांनी अंग ठणकायला लागतं, स्नायू आखडतात, लघवी काळपट होते. आपल्याकडची सर्पदंशाची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, समुद्रसापाच्या नाही. म्हणून चावा बसला तर दुखण्याची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

मी वेसाव्याचा. लहानपणी काकांबरोबर होडीवर जायचो. डोलीचा, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याचा, खोला (शेवटचं टोक) सोडला की बोंबील, मांदेली, जवळ्याच्या ढिगातून कधीतरी साप निघायचा. पाण्यात शेपटीचं वल्हं मारत सुळकन जाणारा तो हाच, हे खरं वाटायचं नाही. फळीवर तो ओल्या दोरासारखा नुसता पडून असायचा. काका वल्ह्याच्या टोकानं उचलून त्याला परत पाण्यात सोडायचे.

तो का सरपटत नाही, हे मला फार उशिरा कळलं. जमिनीवरच्या सापाच्या पोटाला रुंद आडवे खवले असतात, त्यांच्या आधारानं तो पुढे सरकतो. बहुतेक समुद्रसापांचे हे खवले पिढ्यान्‌पिढ्या बारीक होत गेले आणि अंग दोन्ही बाजूंनी चपटं झालं. पोहायला उत्तम, पण वाळूवर काही उपयोग नाही. तुम्हाला दिसलेला साप बहुधा लाटांनी बाहेर टाकलेला, दमलेला होता.

हे सगळे नागाच्या कुळातले. त्यांना कल्ले नाहीत, श्वास हवेतच घ्यावा लागतो. नाकपुड्या तोंडाच्या टोकाला वरच्या बाजूनं असतात आणि बुडी मारताना त्यांच्या झडपा मिटतात. कामाचं फुफ्फुस एकच, पण ते जवळजवळ शेपटीपर्यंत पोचतं. शिवाय कातडीतूनही प्राणवायू आत येतो. पिवळ्या पोटाच्या समुद्रसापात तर गरजेच्या एक तृतीयांशापर्यंत! पिल्लंही पाण्यातच, जिवंत जन्माला येतात. अंदमानात आढळणारे पट्टेरी समुद्रसाप तेवढे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात.

मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट पाण्याची. समुद्रसापाच्या जिभेखाली एक ग्रंथी असते, ती रक्तातलं जादा मीठ बाहेर टाकते. त्यामुळे बरीच वर्षं असं धरून चाललं होतं की हे साप खारं पाणीच पितात. पण फ्लोरिडा विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ हार्वे लिलीव्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर पिवळ्या पोटाचे साप पकडून तपासले. २०१४ साली त्यांनी मांडलं की कोरड्या हंगामात हे साप चक्क तहानलेले असतात. समोर खारं पाणी असूनही पीत नाहीत, गोडं पाणी ठेवलं की पितात. गोडं पाणी हलकं, म्हणून जोराचा पाऊस झाला की काही वेळ त्याचा थर समुद्रावर तरंगतो. त्यांची तहान तिथे भागते. चहूकडे पाणी, आणि हा जीव महिनोन्‌महिने पावसाची वाट बघतोय! हे वाचल्यापासून जूनचा पहिला पाऊस दर्यावर पडताना मला हे साप आठवतात.

आपल्या कोकण किनाऱ्यावर चोचीसारख्या नाकाचा समुद्रसाप बऱ्यापैकी दिसतो. त्याचं आवडतं खाणं म्हणजे शिंगाळा. त्या माशाचे काटे आमच्या हातांना किती लागलेत ते आम्हीच जाणतो, आणि हा तो अख्खा गिळतो.

पुन्हा असा साप दिसला तर लोकांना लांब ठेवा, काठीनं डिवचू देऊ नका आणि वनखात्याला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. त्याला कायद्यानंही संरक्षण आहे. पुष्कळदा लोक वामलाच साप समजतात. वाम मासा आहे. अंग गुळगुळीत, पाठीवरून शेपटीपर्यंत एकसलग पर दिसला तर ती वाम. खवले स्पष्ट दिसले आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी असली, तर तो साप.