लुआंग्वाच्या काठी जाताना

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. सप्टेंबरात पाच रात्री झांबियातल्या साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात, आणि त्याही चार तंबूंच्या कॅम्पात, हे वाचून बरं वाटलं. शेवटचं वाक्य मात्र पटलं नाही. ‘कुंपण नाही म्हणतात, मग मोठ्या लॉजमध्ये बदलून घेऊ का?’ नको घेऊस.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिथल्या लुआंग्वा नदीत पाणघोड्यांची दाटी असते. दिवसभर पाण्यात डुंबतात आणि अंधार पडला की चरायला काठावर येतात. कॅम्पही काठावरच. म्हणजे मध्यरात्री तुझ्या उशापासून चार हातांवर कुणीतरी गवत ओरबाडत असणार. पहिल्या रात्री मी श्वास रोखून पडलो होतो. कापडापलीकडे खर्रर्र, मग चावण्याचा आवाज, मग एक लांब फुसकारा. तिसऱ्या रात्री तो पलीकडे निघून गेला तर मलाच चुकल्यासारखं झालं.

जनावराला कापडाची भिंतही भिंतच वाटते. चेन नीट लावलेल्या तंबूत ते सहसा शिरत नाही. अडचण होते ती ‘जरा बघू तरी’ म्हणून चेन उघडणाऱ्यांची. अंधार पडल्यावर जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंतही एकट्याने जायचं नाही. रखवालदार दिवा घेऊन सोडायला येतो, त्याची वाट बघायची. बुकिंग करताना एकच गोष्ट विचार, संडास तंबूला लागून आहे का. बाकी सुखसोयींची यादी वाचत बसू नकोस.

तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. आईने दिलेला चिवडा आणि लाडू पोचल्या पोचल्या स्वयंपाकघरात दे. माकडांना डबा उघडता येतो, आणि फळांचा वास हत्तीला फार लांबून लागतो. बूटही आत. माझा एक कातडी बूट तरसाने पळवला होता. सकाळी गाईडला वाळूत पावलं दिसली, बूट काही दिसला नाही. उरलेले चार दिवस मी चपलांवर काढले, त्यामुळे पायी फेऱ्या हुकल्या. दोष माझाच होता, आदल्या संध्याकाळी बजावून सांगितलं होतं.

आणि पायी फिरणं हीच तर तिथली खरी मजा. 1950 साली नॉर्मन कार या वन अधिकाऱ्याने तिथल्या न्सेफू प्रमुखांना राजी करून पाहुण्यांसाठी पहिला कॅम्प काढला, मिळकत गावाला जाईल अशा बोलीवर. पायी सफारी पुढे याच खोऱ्यात रुजली. राष्ट्रीय उद्यान 1972 सालचं. पहाटे निघायचं, पुढे बंदूकधारी वनरक्षक, मग गाईड, मग एकामागे एक तुम्ही, आणि बरोबर चहाचं सामान घेतलेला माणूस. बोलायचं नाही, रांग मोडायची नाही, आणि काहीही झालं तरी गाईडने सांगितल्याशिवाय पळायचं नाही. ताडोब्यातली सवय, ‘वाघ दिसला का?’, ती घरी ठेवून जा. तिथे कान चालव. पुकू नावाचं हरीण शिट्टीसारखं ओरडलं की आसपास बिबट्या असू शकतो. चितळाचा कॉल ओळखणाऱ्याला हे शिकायला दोन दिवस पुरतात. सप्टेंबरात नदीच्या उभ्या दरडीत आपल्या वेड्या राघूचे किरमिजी भाऊबंद बिळं करतात. थव्यात शेकडो असतात. तिथे तासभर नुसता बस, गाईडला पुढे चला म्हणू नकोस.

आंघोळीची गंमत वेगळीच. मोपाने नावाच्या तिथल्या झाडाच्या लाकडावर तापवलेलं पाणी बादलीत भरून दोरीने वर चढवतात, खाली झारीसारखी चाळणी. एक बादली, तेवढीच. अंग भिजव, तोटी बंद, साबण, मग पुन्हा तोटी. बंबाचं पाणी पुरवून वापरलेल्या घरात तू वाढलास, तुला जमेल. वर छप्पर नाही, आकाश आहे. हा सगळा डोलारा पावसाळा संपला की उभा करतात आणि नोव्हेंबरचा पाऊस लागण्याआधी मोडून टाकतात. जमीन काळी, चिकट. पावसात तिचं काय होतं ते विदर्भातल्या माणसाला मी काय सांगणार!

शाकाहारी असल्याचं महिनाभर आधी कळव, सामान लांबून ट्रकने येतं. तरी न्शिमा खाऊन बघ. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून भाजीत बुडवायची. चमचा मागू नकोस. निघताना बक्षिसी कॅम्पच्या सामायिक पेटीत टाक, म्हणजे पाणी चढवणाऱ्यालाही मिळते.

कपडे मातकट रंगांचे. निळ्या-काळ्यावर त्सेत्से माशी येते, चावा चांगलाच झोंबतो. पहाटेच्या उघड्या जीपसाठी एक स्वेटर, कारण दुपारी घाम काढणारी तीच हवा सकाळी काकडायला लावते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच विचार. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल तर पीतज्वराची लस निदान 10 दिवस आधी टोचून घे, परतताना मुंबईत त्या लसीचं पिवळं कार्ड मागतात. बॅग मऊ हवी, चाकांची कडक पेटी लहान विमानाच्या पोटात मावत नाही. वजनाची मर्यादा विमान कंपनीकडून लेखी घे.

माझ्याकडे डोक्याला बांधायचा बॅटरीचा दिवा आहे, लाल प्रकाशाचा. पट्टा थोडा सैल झालाय. रविवारी येऊन घेऊन जा.