घरी जिम करायची आहे, जागा एका खोलीपुरती. मल्टी-जिम घेऊ की डंबेल-बारबेल?

मल्टी-जिम नको. सहा महिन्यांत त्यावर टॉवेल वाळत घालाल. बारबेल, प्लेट्स, बेंच आणि सेफ्टी बार (बार उचलता आला नाही तर तो अडवणारे आडवे दांडे) असलेला रॅक, बस्स. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "प्लेट्स जडच घेतो, छोट्यांवर पैसे का घालवू?" तिथे मी अडकलो. हेच वाक्य माझा दादा बोलला होता, आणि त्याचं ऐकून माझे 8 महिने पाण्यात गेले.

सेट आम्ही दोघांनी मिळून घेतला. 20 किलोचा बार, 20, 10 आणि 5 च्या जोड्या, सगळ्यात छोटी 2.5 ची. 1.25 ची जोडी मी बाजूला काढली होती, ती त्याने उचलून परत ठेवली. "ही काय खेळणी आहेत?"

स्क्वाट, डेडलिफ्टला काही अडलं नाही. पायांना 5 किलोचं फारसं काही वाटत नाही. ओव्हरहेड प्रेस, म्हणजे खांद्यावरून बार डोक्यावर ढकलायचा, तो मात्र 30 वर रुतला. दोन्ही बाजूंना 2.5 लावलं की थेट 35, म्हणजे सहाव्या हिश्श्याने वजन एकदम वाढलं. बार कपाळापर्यंत जायचा, तिथे थरथरायचा, माझी कंबर मागे वाकायची आणि बार परत खांद्यावर. दादा दारात उभा. "जिद्दच नाही तुझ्यात." तेच जेवतानाही, आईसमोर.

शेवटी त्याला न सांगता 1.25 आणि अर्ध्या किलोच्या जोड्या आणल्या. 30, 31, मग 32.5, 33.5... चार महिन्यांत 40. जिद्द होती तेवढीच होती. दादाचं म्हणणं, "तेव्हा तुझं खाणं सुधारलं होतं." खाणंही तेच होतं!

डंबेलचीही हीच गत. ठरावीक वजनाच्या जोड्या घेतल्यात तर 5 नंतर 7.5, म्हणजे एकदम दीडपट. लॅटरल रेझला, म्हणजे हात बाजूला उचलताना, ही उडी कुणाचा खांदा घेणार? म्हणून प्लेट्स बदलता येतील असेच डंबेल घ्या. आणि प्लेट्सच्या भोकाचं माप बघून घ्या. ऑलिंपिक बारची टोकं 50 मिमी जाडीची असतात, साध्या बारची त्याच्या साधारण निम्मी. दोन्ही प्रकार घरात आले की निम्म्या प्लेट्स कोपऱ्यात पडून राहतात.

सेफ्टी बारवर पैसे वाचवू नका. एकट्याने बेंच प्रेस करताना पाठीची कमान असताना बार छातीला टेकला पाहिजे आणि पाठ सपाट केली की सेफ्टीवर विसावला पाहिजे. ती उंची आधी रिकाम्या बारने बघून ठेवा.

मल्टी-जिमला फारच झोडपलं वाटतं. खांदा दुखरा असेल किंवा घरातली वयस्कर मंडळीही वापरणार असतील, तर मशीन बरं. वजन ठरल्या वाटेने चालतं, अंगावर येत नाही. फक्त घेण्याआधी वजन निवडायची पिन एक भोक खाली सरकवून वजन कितीने वाढतं ते बघा. 5 किलोने वाढत असेल तर ते मशीन माझ्या दादाच्याच विचाराचं आहे.

आणि दादा, वाचत असशील तर 1.25 ची जोडी बेंचखाली डाव्या बाजूला आहे.