वय झाल्यावर खरं कुणाचं मानायचं, आपल्याला आतून वाटतं ते की लोकांना दिसतं ते?

तुम्ही लिहिलंय, पंचावन्न झाली, आतून चाळिशीचंच वाटतं, पण ऑफिसातली मुलं जिन्यावर हात धरायला येतात. लोकांचं मानू नका, हे आधीच सांगतो. मी ६२ वर्षांचा, गोव्यातल्या म्हापशाचा मोटरसायकल पायलट, म्हणजे मोटरसायकलवर मागे बसवून भाडं नेणारा.

स्टँडवर आमचा नंबर असतो, पुढे उभा त्याचं भाडं. गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या, पर्वरीला जायचं होतं. नंबर माझा. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, केस सगळे पांढरे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या मुलाकडे वळल्या. तो म्हणाला, "नंबर काकांचा." बाई म्हणाल्या, "नको, ह्या वयात त्यांना कशाला त्रास?" आणि बसल्या त्याच्या मागे. मुलगा गुणी आहे, पण धंद्यात नवा. पर्वरीला हायवे तुंबला की साळगाव, सांगोल्ड्यावरून कसं काढायचं, हे त्याला मीच शिकवतोय. १९८६च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा बेतीच्या फेरीबोटीपर्यंत माणसं पोचवणाऱ्यांत मी होतो. बाईंना ह्यातलं काय दिसणार? भाड्याचे पैसे संध्याकाळपर्यंत भरून निघाले, पण सगळ्यांसमोर ऐकलेलं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, "पप्पा, लोकांना दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. गाडी विका." वर मोबाईलवर डेन्मार्कचा २००६ सालचा अभ्यास वाचून दाखवला. चाळिशी ओलांडलेली माणसं स्वतःला खऱ्या वयापेक्षा साधारण वीस टक्क्यांनी लहान समजतात म्हणे. म्हणजे तुमचा हिशेब बरोबर त्यातच बसतो. पण सगळ्यांना वाटतं म्हणून ते खोटं, हे कुठलं शास्त्र? तो बँकेत आहे. बाप स्टँडवर उभा असलेला त्याच्या मित्रांना दिसतो, खरी अडचण ती आहे. काळजी असती तर पावसाआधी टायर बदलून दिले असते.

लायसनचंच बघा. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला, फॉर्म १-ए, द्यावा लागतो, आणि धंद्याचं लायसन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. तिथे डॉक्टर डोळे तपासतो, कान तपासतो. केसांचा रंग कुणी विचारत नाही, आणि आतून किती वर्षांचं वाटतं तेही नाही. तुमच्या कामातही अशी काहीतरी कसोटी असेलच, ती शोधा. तुमच्या जिन्याचं म्हणाल तर गुडघा दुखत नसेल तर हात सोडवून घ्या, त्यात उद्धटपणा काही नाही.

एक मात्र आहे. वय वाढलं की डोळ्याची बाहुली आक्रसते, आत उजेड कमी जातो, समोरून हेडलाइट आला की सावरायला वेळ लागतो. म्हणून थिवी स्टेशनची रात्रीची भाडी मी घेत नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी स्वतः ठरवलं. तुम्हाला चक्कर येत असेल, तोल जात असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा.

माझ्या मुलाने हे वाचलं तर वाचू दे. पुढच्या वेळी दाखला नाही मिळाला तर किल्ली मी स्वतः त्याच्या हातात देईन. तोपर्यंत गाडी विकायचा विषय त्याने जेवताना काढू नये.